आकडे हलवा, हिशेब हलू देऊ नका
एक्सेलमधले विश्लेषण डॅशबोर्डपर्यंत सुखरूप नेण्यासाठी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. पिंपळगाव-चांदवडकडून निघालेला कांद्याचा ट्रक पुढे मुंबईची वाट धरतो, नाहीतर इथून सिन्नरमार्गे पुण्याकडे वळतो. रस्ता कोणताही घेतला तरी गाडीतला माल आणि काटापावतीवरचे वजन जुळलेच पाहिजे. विश्लेषणाचे काम एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हीच अट पाळायची असते.

ही गरज आता सगळ्यांनाच पडू लागली आहे. वाहतूकदार, आडते, शेतकरी उत्पादक कंपन्या, हिशेबनीस यांच्याकडे वर्षानुवर्षांचे आकडे एक्सेलमध्ये साठलेले असतात. एक दिवस मालक किंवा संचालक म्हणतात, "हे सगळं मोबाईलवर एका पानात दिसायला हवं." मग कोणीतरी पॉवर बीआय किंवा लुकर स्टुडिओसारखे डॅशबोर्डचे सॉफ्टवेअर उघडतो, फाईल जोडतो, दोन-चार छान आलेख काढतो. पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतो, "जुन्या फाईलमध्ये सरासरी दर वेगळा होता ना?" त्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कितीही देखणा डॅशबोर्ड दुसऱ्या दिवसापासून कोणी उघडत नाही. तशी वेळ येऊ नये म्हणून काय करायचे, ते नाशिक जिल्ह्याच्या रोजच्या ओळखीच्या आकड्यांवर, म्हणजे कांद्याच्या आवक-दरांवर पाहू.

प्रकल्पातले काय नेता येते

विश्लेषणाच्या कोणत्याही प्रकल्पात चार थर असतात. पहिला मूळ आकड्यांचा. दुसरा त्या आकड्यांवर केलेल्या साफसफाईचा: रिकाम्या ओळी काढल्या, नावे सारखी केली, तारखा दुरुस्त केल्या. तिसरा व्याख्यांचा: 'सरासरी दर' म्हणजे काय, 'हंगाम' कधीपासून धरायचा. चौथा आलेख आणि मांडणीचा.

पहिले तीन थर पुढे नेता येतात, आणि न्यायलाच हवेत. चौथा थर बहुतेक वेळा नव्याने उभारावा लागतो. एक्सेलमधला रंगीत आलेख पॉवर बीआयमध्ये तसाच्या तसा उतरत नाही, टॅब्लो या सॉफ्टवेअरमधली मांडणी लुकर स्टुडिओत उघडत नाही. नवखा माणूस सगळी ताकद आलेख वाचवण्यात घालवतो आणि व्याख्या वाऱ्यावर सोडतो. तुम्ही उलटे करा. व्याख्या नीट पोहोचल्या, तर आलेख एका दुपारचे काम आहे.

कोणाचे कोणाशी जमते

एक्सेल आणि पॉवर बीआय हे सर्वांत जवळचे नाते. दोघांत साफसफाईचे यंत्र एकच, पॉवर क्वेरी. एक्सेल २०१६ पासून ते 'डेटा' टॅबमध्येच मिळते. एक्सेलच्या पॉवर पिव्हटमधली सूत्रे ज्या डॅक्स भाषेत लिहितात, तीच भाषा पॉवर बीआयमध्येही चालते. त्यामुळे पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये 'फाईल'मधून 'इम्पोर्ट' आणि तिथून 'पॉवर क्वेरी, पॉवर पिव्हट, पॉवर व्ह्यू' हा पर्याय निवडला, की क्वेरी, तक्त्यांमधली नाती आणि डॅक्स सूत्रे एका झटक्यात येतात. एखादी क्वेरीच हवी असेल, तर ती एक्सेलमध्ये कॉपी करून पॉवर बीआयच्या क्वेरी एडिटरमध्ये पेस्ट करता येते, सगळ्या पायऱ्यांसकट. कक्षांमध्ये हाताने लिहिलेली साधी सूत्रे, साधे पिव्हट आणि मॅक्रो मात्र या मार्गाने येत नाहीत. म्हणून स्थलांतराची खरी तयारी एक्सेलमध्येच सुरू होते: विखुरलेली सूत्रे आधी पॉवर क्वेरीच्या पायऱ्यांत आणि पॉवर पिव्हटच्या सूत्रांत बसवून घ्या, मग हलवा.

दुसरा मार्ग गुगलचा. एक्सेल फाईल गुगल शीट्समध्ये उघडते, नेहमीची बहुतेक सूत्रे टिकतात, आणि लुकर स्टुडिओ त्या शीटला जोडून विनामूल्य डॅशबोर्ड करता येतो. पण पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्हट इथे चालत नाहीत, आणि एक्सेलचे मॅक्रोही. शीट्सची मर्यादा एका फाईलला एक कोटी कक्षांची आहे, एक्सेलच्या एका पानाची १०,४८,५७६ ओळींची. एका जिल्ह्याच्या बाजारभावांना दोन्ही पुरतात. लहान गटाला, आणि ज्यांचे सगळे काम मोबाईलवर चालते त्यांना, हा मार्ग सोयीचा.

तिसरा टॅब्लोचा. तो एक्सेल आणि सीएसव्ही दोन्ही वाचतो, पण पॉवर बीआयची सूत्रे त्याला कळत नाहीत. ती त्याच्या भाषेत पुन्हा लिहावी लागतात. टॅब्लोची फाईल देताना एक भान ठेवा. टीडब्ल्यूबी प्रकारच्या फाईलमध्ये फक्त मांडणी असते, टीडब्ल्यूबीएक्समध्ये आकडेही बांधलेले असतात. पहिली पाठवली तर समोरच्याला रिकामा डॅशबोर्ड दिसेल. शिवाय नव्या आवृत्तीत केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोन्हीकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारून घ्या.

आणि ज्यांचे कोणाशीच जमत नाही, त्यांच्यासाठी सीएसव्ही. लिबरऑफिस, टॅब्लो, पॉवर बीआय, आर, पायथन, सगळे ती वाचतात. पण तिच्यात केवळ आकडे आणि अक्षरे जातात. सूत्र, रकान्याचा प्रकार, तारखेची पद्धत, काहीच सोबत जात नाही. म्हणून सीएसव्ही पाठवताना बरोबर एक पानभर टिपण जोडा: कोणता रकाना कशाचा, एकक कोणते, तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे.

निघण्यापूर्वी: तक्ता सरळ करा

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आपल्या संकेतस्थळावर रोज बाजार समित्यांची माहिती मराठीत देते: जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर अशीच माहिती इंग्रजीत मिळते. ही मांडणी चांगली आहे, कारण एका ओळीत एका दिवसाची, एका बाजाराची, एका जातीची नोंद असते. आपण मात्र कार्यालयात ती घेऊन उभे-आडवे तक्ते करतो: डावीकडे तारखा, वर बाजारांची नावे, मध्ये एकत्र केलेले कक्ष, खाली बेरीज. छापायला ते बरे, डॅशबोर्डला निरुपयोगी. पॉवर क्वेरीतल्या 'अनपिव्हट'ने ते पुन्हा लांब, सरळ तक्त्यात आणा. एकत्र केलेले कक्ष सुटे करा. बेरजेच्या ओळी काढून टाका, नाहीतर आवक दुप्पट दिसेल.

नावांकडे नीट पाहा. पणन मंडळाच्या यादीत 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' या वेगवेगळ्या नोंदी असतात. 'पिंपळगाव बसवंत'च्या जोडीला 'पिंपळगाव(ब) - सायखेडा' असते. या उपबाजारांना मुख्य बाजारात मिळवायचे की वेगळे दाखवायचे, हे सॉफ्टवेअर ठरवणार नाही. ते तुम्ही ठरवा आणि बाजार समित्यांचा एक स्वतंत्र छोटा तक्ता करा: मूळ नाव, मुख्य बाजार, तालुका.

याच तक्त्यात स्थलांतराची एक मोठी खोच लपलेली असते. एक्सेलचे व्हीलूकअप यादीतले पहिले जुळणारे नाव घेते आणि थांबते. पॉवर क्वेरीतले 'मर्ज' जुळणारी प्रत्येक ओळ आणते. तुमच्या छोट्या तक्त्यात 'लासलगाव' चुकून दोनदा आले असेल, तर एक्सेलमध्ये ते कधी जाणवणार नाही, पण पॉवर बीआयमध्ये लासलगावची आवक थेट दुप्पट होईल. इंग्रजी नावांच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. व्हीलूकअप लहान-मोठी अक्षरे सारखी मानते, पॉवर क्वेरी वेगळी. म्हणून हलवण्याआधी छोट्या तक्त्यातले प्रत्येक नाव एकदाच आहे आणि नावांच्या मागेपुढे मोकळी जागा नाही, एवढे तपासाच.

परिमाणाचा रकानाही सोडू नका. कांदा क्विंटलमध्ये मोजला जातो, पण पालेभाज्या अनेक ठिकाणी नगावर असतात. क्विंटल आणि नग एका बेरजेत गेले, की त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही.

मराठी अक्षरे, आकडे आणि तारखा

आपल्या फायली सर्वांत जास्त इथे अडखळतात. जुन्या फायली श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षरेच साठलेली असतात. फाईल दुसरीकडे गेली, फाँट सुटला, की अगम्य खुणा उरतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच पुढची पायरी.

युनिकोड मराठी असलेली सीएसव्ही करताना एक्सेलमध्ये साधी सीएसव्ही निवडू नका, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. बाहेरून आलेली सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी 'डेटा' टॅबमधून आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ सांगा. लिबरऑफिस हा प्रश्न उघडतानाच विचारते.

देवनागरी अंक हा दुसरा अडसर. '१५००' असे टाइप केलेले असेल तर बहुतेक विश्लेषण सॉफ्टवेअर त्याला मजकूर समजतात आणि बेरीज करत नाहीत. साठवण्याचे अंक इंग्रजी पद्धतीचे ठेवा. '१५०० रु.' असा मिश्र मजकूर असेल तर अंक एका रकान्यात, एकक दुसऱ्यात करा.

तिसरा अडसर तारखेचा, आणि तो सर्वांत धोक्याचा. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर '०५/०४/२०२४' म्हणजे ५ एप्रिल ऐवजी ४ मे होतो. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांची नोंद भलत्याच महिन्यांत जाऊन बसते, तेराव्या तारखेपासून चूक असल्याचा संदेश येतो. पुष्कळजण त्या चुकीच्या ओळी काढून टाकतात आणि पुढे जातात. मग उरलेला तक्ता बिनबोभाट खोटे बोलू लागतो. कांद्याच्या बाबतीत तर शंकाही येत नाही, कारण एप्रिल आणि मे दोन्ही उन्हाळी कांद्याचेच महिने. पॉवर क्वेरीत रकान्याचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' निवडून 'इंग्लिश (इंडिया)' सांगा. गुगल शीट्समध्ये फाईलच्या सेटिंगमध्ये भारत हा प्रदेश निवडा.

महिन्यांची नावे मराठीत दाखवणार असाल तर आणखी एक काम आहे. सॉफ्टवेअर ती अक्षरांच्या क्रमाने लावते, म्हणून एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट येतो. शेजारी महिन्याचा क्रमांक असलेला रकाना ठेवा आणि 'सॉर्ट बाय कॉलम'ने नावे त्याच्याशी बांधा. सॉफ्टवेअर आपणहून जी तिमाही धरते ती जानेवारीपासून. आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून. त्यासाठी स्वतःचा दिनदर्शिकेचा तक्ता करा आणि त्यात आर्थिक वर्ष, तिमाही, कांद्याचा हंगाम असे रकाने ठेवा.

व्याख्या लिहून काढा

'जिल्ह्याचा सरासरी दर' घ्या. समजा एका दिवशी मोठ्या बाजारात १०,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांच्या सर्वसाधारण दराने गेला आणि लहान बाजारात ५०० क्विंटल १,९०० रुपयांनी. दोन दरांची साधी सरासरी १,७०० रुपये. आवकेच्या प्रमाणात काढलेली सरासरी मात्र १,५१९ रुपये. क्विंटलमागे १८१ रुपयांचा फरक! एक्सेलमध्ये तुम्ही आवक गुणिले दर असा रकाना करून दुसरी सरासरी काढत होता, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये दराचा रकाना ओढून 'अ‍ॅव्हरेज' निवडले, तर पहिली मिळेल. सॉफ्टवेअरचे काही चुकलेले नसते. व्याख्या मागे राहून गेलेली असते.

म्हणून हलवण्याआधी वहीत किंवा वर्डमध्ये प्रत्येक आकड्याची व्याख्या साध्या मराठीत लिहा: "सरासरी दर = (आवक × सर्वसाधारण दर) यांची बेरीज, भागिले आवकेची बेरीज." हे वाक्य डॅक्समध्ये, शीट्समध्ये, टॅब्लोमध्ये, कुठेही उतरवता येते. सर्वसाधारण दर हा बाजारात जास्त करून मिळालेला दर असतो, प्रत्येक गाडीच्या दरांची सरासरी नव्हे. त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, हेही त्याच टिपणात नोंदवा.

बंद दिवसांचेही ठरवा. सणाला किंवा अन्य कारणाने लिलाव बंद असताना दराचा कक्ष रिकामा हवा, शून्य नको. सरासरी काढताना रिकामा कक्ष गाळला जातो, शून्य मात्र मोजले जाते आणि दर पाडते.

पोहोचल्यावर पाच तपासण्या

नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढण्याआधी एका पानावर हे पाच आकडे जुन्या फाईलशी ताडून पाहा:

१. एकूण ओळी किती.
२. आवकेची एकूण बेरीज किती.
३. सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कोणती.
४. बाजारांची वेगवेगळी नावे किती.
५. कोणताही एक बाजार, एक दिवस घेऊन हाताने काढलेला सरासरी दर.

ओळी जास्त भरल्या तर मर्जमध्ये नाव दोनदा आले आहे. बेरीज कमी भरली तर काही आकडे मजकूर बनून राहिले आहेत. तारीख भविष्यातली दिसली तर दिवस-महिन्याची अदलाबदल झाली आहे. नावे वाढली तर शुद्धलेखनात फरक आहे. पाचही जुळले, तरच पुढे जा. हे पान डॅशबोर्डच्या फाईलमध्येच शेवटी ठेवा. दर महिन्याला उपयोगी पडते.

डॅशबोर्डवर काय ठेवायचे

पहिल्या पानावर तीनच गोष्टी पुरतात: आजची आवक आणि सरासरी दर, गेल्या वर्षीच्या याच आठवड्याशी तुलना, आणि बाजारनिहाय दरांचा एक आलेख. बाकीचे दुसऱ्या पानावर.

सोबत घटनांचा एक छोटा तक्ता जोडा. कांद्याचे दर आवकेबरोबरच सरकारी निर्णयांनीही हलतात. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती किमान निर्यातमूल्याच्या अटीसह उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. या तारखा आलेखावर उभ्या रेषांनी दाखवल्या, तर दर का वळला हे बघणाऱ्याला विचारावे लागत नाही. अशी माहिती एखाद्या जुन्या फाईलच्या कोपऱ्यात शेरा म्हणून पडलेली असते, आणि स्थलांतरात सर्वांत आधी हरवते ती हीच.

रोज ताजे आकडे यावेत म्हणून फाईलचा पत्ताही विचार करून द्या. आकडे एका लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवून पॉवर बीआयला जोडले, तर दुसऱ्या संगणकावर डॅशबोर्ड ताजा होणारच नाही. महिन्याच्या फायली एका ठराविक फोल्डरमध्ये टाका आणि पूर्ण फोल्डर जोडा. नवी फाईल टाकली की ती आपोआप मिळवली जाते. फायली वनड्राईव्हवर असतील तर ऑनलाइन ताजेपणासाठी वेगळा गेटवे (कार्यालयातला संगणक ऑनलाइन सेवेशी जोडणारा प्रोग्राम) बसवावा लागत नाही, कार्यालयाच्या संगणकावर असतील तर लागतो.

कोणाला काय दिसणार

बाजारभाव सार्वजनिक आहेत, पण तुमच्या फाईलमध्ये शेतकऱ्यांची नावे, मोबाईल क्रमांक, बँक खाती, उधारी असू शकते. डॅशबोर्डवर रकाना दाखवला नाही म्हणजे तो गेला असे नाही. पॉवर बीआयच्या किंवा टॅब्लोच्या बांधलेल्या फाईलमध्ये तो तसाच असतो आणि फाईल मिळालेला माणूस तो उघडून पाहू शकतो. पॉवर बीआयमधला 'पब्लिश टू वेब' हा पर्याय दुवा हाती लागलेल्या कोणालाही सगळे दाखवतो. टॅब्लो पब्लिकवर प्रकाशित केलेले कामही जगासाठी खुले असते. वैयक्तिक माहिती जपण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपल्यावर टाकली आहे, आणि कायदा नसता तरी विश्वासाने दिलेला क्रमांक जपणे आपले कामच आहे. आकडे हलवण्यापूर्वीच, मूळ क्वेरीत, असे रकाने काढून टाका.

सुरुवात कुठून करायची

संपूर्ण दहा वर्षे एकदम हलवू नका. एक बाजार, एक महिना घ्या. त्याचा तक्ता सरळ करा, व्याख्या लिहा, नव्या ठिकाणी न्या, पाच तपासण्या करा. सगळे जुळले की बाकीचे महिने त्याच पायऱ्यांतून जातील, कारण पायऱ्या तुम्ही साठवून ठेवलेल्या आहेत. जुनी एक्सेल फाईल लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही बरोबर चालवा आणि दर शनिवारी आठवड्याची बेरीज ताडून पाहा.

हे सगळे कष्ट कशासाठी? चाळीत कांदा भरून बसलेला शेतकरी आज विकायचा की थांबायचे हे ठरवताना तुमच्या पडद्याकडे बघणार आहे. त्याच्या शंभर क्विंटलवर १८१ रुपयांच्या चुकीने अठरा हजार रुपयांचा अंदाज चुकतो. आलेखाचा रंग त्याला आठवणार नाही, आकडा खरा निघाला की नाही हे मात्र तो विसरणार नाही. तेव्हा व्याख्येचे टिपण आणि पडताळणीचे पान या दोन गोष्टी झाल्याशिवाय डॅशबोर्ड कोणालाही पाठवू नका.